बाईंच्या पेनातली शाई

परीक्षा मंडळाच्या प्रमाणपत्र विभागात बंद पडलेलं पेन कुणी परस्पर फेकत नसे. आधी ते पेनवैद्यांना दाखवायचं, त्यांनी नकारार्थी मान हलवली की मगच केराच्या टोपलीत. पेनवैद्य म्हणजे मधल्या टेबलावरचे कारकून. वय अठ्ठेचाळीस, काम याद्या तपासण्याचं आणि खराब झालेल्या प्रमाणपत्रांवर ‘रद्द’चा शिक्का मारण्याचं. शर्टाच्या खिशाला कायम चार पेनं लावलेली, आणि चारांतलं एकही कुणाला सहीपुरतंसुद्धा द्यायचं नाही. सही करायला येणाऱ्यांसाठी दोरीनं बांधलेलं पाचवं पेन टेबलावर असे.

आजारी पेन हातात आलं की ते आधी रिफिल बाहेर काढत, उजेडाकडे धरून शाई कुठवर आहे ते बघत, दोन तळहातांत घोळवून तिला ऊब देत आणि मग रद्दी कागदावर वेटोळी काढत सुटत. दहापैकी सात पेनं उठून चालायला लागत. “रिफिल संपत नाही हो, माणसाचा धीर संपतो,” असं ते वर ऐकवत. स्टेशनरीचा दुकानदार तर त्यांना लांबून येताना बघितलं की नमुन्याच्या पेनांचा डबा पुढे सरकवून खुशाल चहा प्यायला जाई. परत आला तरी हे अजून तिसऱ्याच पेनावर असत. बारीक टोकाचं पेन गुळगुळीत चाललं तर ते खरं पेन, जाड टोकाचं काय, कुणीही चालवेल, हे त्यांचं ठाम मत. बायको म्हणायची, “मला पसंत करायला एवढा वेळ लावला नव्हता तुम्ही.”

एवढ्यावर हा माणूस थांबला असता तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. असल्या छंदानं कुणाचं वाईट होत नाही.

विभागात खिडकीजवळ एक उतरतं टेबल होतं आणि त्यावर गेली सव्वीस वर्षं बाई बसत होत्या. प्रमाणपत्रावरचं बाकी सगळं छापील. नावाची ओळ तेवढी कोरी असे आणि ती बाई हातानं भरत. त्यांचं अक्षर असं की नावाच्या डोक्यावरची रेघ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एका दमात जायची, कुठे हिसका नाही, कुठे डाग नाही. बाई लिहायला लागल्या की आजूबाजूची माणसं आपोआप हळू बोलत. चांगलं झालेलं प्रमाणपत्र सरळ साहेबांकडे सहीला जाई. चुकलेलं मधल्या टेबलावर रद्द व्हायला येई, पण असं वर्षाकाठी एखाद-दुसऱ्याच वेळी घडायचं. बाईंची लेक तेव्हा शिकत होती. “हिचं नाव लिहायचं आणि मग निवृत्त व्हायचं,” असं बाई इतक्यांदा म्हणाल्या होत्या की शिपायालासुद्धा ते पाठ झालं होतं.

बाईंच्या पेनाला तिरकी कापलेली निब होती आणि आत घालायची शाईची कार्ट्रिजं खास मंडळासाठी खोक्यातून यायची. बाजारात ती मिळत नसत. ही शाई उन्हानं उडत नाही, पाण्यानं पसरत नाही, आणि प्रमाणपत्राच्या जाड, किंचित लवदार कागदावर तर कोरल्यासारखी उभी राहते. एकदा बाईंनी सहज आपलं पेन वैद्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “बघा चालवून, रद्द कागदावर.” वैद्यांनी एक आडवी रेघ ओढली. मग दुसरी ओढली. शाई आधी ओली चमकली आणि बघता बघता काजळासारखी दाट होऊन बसली. निब कागदाला टेकली आहे की नाही हेही कळत नव्हतं.

“हे काय आहे, बाई?” त्यांनी विचारलं.

“शाई आहे, वैद्यबुवा. दुसरं काय असणार,” बाई म्हणाल्या आणि पेन परत घेऊन कामाला लागल्या.

त्या दिवसापासून वैद्यांना खिशातली चारही पेनं बेचव लागायला लागली. बाईंकडे एक कार्ट्रिज मागितलं असतं तर त्यांनी हसत दिलं असतं, यात शंका नाही. पण मागायची यांना लाज वाटली. लाज कुठे वाटायला हवी होती आणि कुठे वाटली, बघा. मागण्याऐवजी त्यांनी बाईंच्या टोपलीतलं एक रिकामं कार्ट्रिज उचललं, घरी नेऊन सुईनं त्यात बाटलीतली साधी काळी शाई भरली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बाई मागच्या खोलीत डबा खायला गेल्या असताना, त्यांच्या पेनातलं अस्सल कार्ट्रिज काढून हे नकली बसवलं. दोन मिनिटांचं काम. मग आठवड्यातून एकदा, आणि पुढे आठवड्यातून दोनदा. बाईंनी नवं कार्ट्रिज घातलं की त्या दिवशी यांचं जेवण लवकर आटपायचं.

आणि एवढी चोरून आणलेली शाई घरच्या निबच्या पेनात घालून हा गृहस्थ लिहायचा काय? स्वतःचा पत्ता. आठवड्याचे वार. अकराचा पाढा. “दूधवाल्यास दोन दिवस सुट्टी” अशी चिठ्ठी त्यांनी एकदा अशा देखण्या अक्षरात लिहिली की बायकोनं ती दाराला लावायच्या आधी दोनदा उलटसुलट करून बघितली. काळी शाई ती काळी शाई, बाईंचं काम काही अडत नाही, असं ते मनाशी म्हणत. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ते उगाच नाही.

बाईंचं काम अडलं. आधी एक प्रमाणपत्र मधल्या टेबलावर रद्द व्हायला आलं. अक्षरांच्या कडांना बारीक बारीक केस फुटले होते. साधी शाई त्या लवदार कागदात मुरत जाते, तिथे तिला कड धरता येत नाही. वैद्यांनी कागद बघितला, ओळखलं आणि शिक्का मारला. त्या आठवड्यात तीन आली. पुढच्या आठवड्यात सात. एका नावाची डोक्यावरची रेघ मध्येच तुटली होती आणि बाईंनी ती जोडायला जाऊन आणखी बिघडवली होती. बाईंनी निब कोमट पाण्यानं धुतली, नवी निब लावली, नवं कार्ट्रिज घातलं. तेही दुपारपर्यंत वैद्यांच्या खिशात गेलं होतं. महिन्याभरात एकोणीस प्रमाणपत्रं रद्द झाली आणि एकोणीस वेळा त्यांनी शिक्का मारला. दर वेळी वाटायचं, आता पुरे. पण सुट्टीची घंटा झाली की पाय खिडकीकडे वळायचे.

मग एका सकाळी बाई पेन घेऊन त्यांच्या टेबलाशी आल्या.

“वैद्यबुवा, जरा बघता का? मला वाटतं, पेनाचं काहीतरी बिघडलंय. नाहीतर मग...”

वैद्यांनी पेन घेतलं. डाव्या हाताला रद्द प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता. त्यातल्या एखाद्याच्या पाठीवर एक शब्द लिहिला असता तर शाई तिथल्या तिथे फुटली असती आणि सगळं उघडं पडलं असतं. उजव्या हाताला रोजचं गुळगुळीत पॅड होतं. त्यांनी पॅड ओढलं. वेटोळी काढली, रेघा ओढल्या. गुळगुळीत कागदावर साधी शाईसुद्धा शहाण्यासारखी वागते.

“पेन एकदम ठणठणीत आहे, बाई. शाईपण छान वाहतेय.”

“नक्की ना?”

“माझ्यावर विश्वास नाही का?”

“तसं नाही हो. पेनातलं तुमच्याशिवाय कुणाला कळतं इथे.” बाईंनी पेन परत घेतलं. मग आपला उजवा हात उलटा करून, सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, “म्हणजे हाच बिघडला म्हणायचा.”

त्या दुपारी वैद्यांनी डबा न उघडताच घरी परत नेला. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आधी त्यांनी अस्सल कार्ट्रिज जागच्या जागी बसवलं, घरातली सुई मोडून टाकली आणि पुन्हा कधीही बाईंच्या टेबलाकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. ते त्यांनी पाळलंही. आता सगळं पहिल्यासारखं होईल, कुणाला काही कळायचं नाही, अशी त्यांची समजूत होती.

पण बाईंच्या हातात आता भीती शिरली होती. चुकेल चुकेल म्हणून त्या निब दाबून धरायला लागल्या आणि दाबून धरलं की हात थरथरायला लागला. शाई अस्सल, कागद तोच, आणि रेघ मात्र नागमोडी. प्रमाणपत्रं रद्द व्हायला येतच राहिली. वैद्यांनी ती थरथर बघितली, आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. म्हणजे हात खरंच गेला होता, आपल्या शाईमुळे काही झालं नव्हतं, असं त्यांना वाटून घेता आलं. आठ-दहा दिवस ते या समजुतीवर चांगले जेवले. त्या आठ-दहा दिवसांची लाज त्यांना पुढे चोरीपेक्षा जास्त वाटली.

बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या, मग नसांच्या डॉक्टरांकडे गेल्या. दोघांनाही काही सापडलं नाही. दोघेही म्हणाले, या वयात होतं असं. शेवटी बाईंनीच साहेबांना सांगितलं की मला या कामातून मोकळं करा, मंडळाचे कागद मला नासवायचे नाहीत. साहेबांनी त्यांना टपाल खोलीत पाठवलं, पाकिटं चिकटवायला. आणि नावं लिहायचं काम कुणाला दिलं? आयत्या बिळावर नागोबा. विभागात त्यातल्या त्यात बरं अक्षर वैद्यांचंच होतं.

निरोपाला बाईंनी सगळ्यांसमोर आपलं पेन त्यांच्या हातात ठेवलं. “शाई दमानं वाहू द्या. घाई केली की रुसते,” एवढंच म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांगायचं असतं तर ती वेळ होती. वैद्यांनी पेन घेतलं आणि मान खाली घालून “हो” म्हणाले. लोकांना वाटलं, किती हा विनय.

वर्ष गेलं. शाईचं अख्खं खोकं आता त्यांच्या खणात होतं, हवी तेवढी वापरायची, कुणाला विचारायचं नाही. आणि ती डोळ्यांसमोर नको व्हायची. निब कागदावर टेकली की बाईंनी उलटासुलटा केलेला तो हात दिसायचा. घरी ते पेन्सिलीनं लिहायला लागले. खिशात एकच पेन राहिलं, तेही दोरीवालं सोडून आणलेलं. बायकोनं विचारलं, “छंद सुटला की काय?” तर म्हणाले, “वय झालं.” हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

मग त्या वर्षीची यादी आली आणि यादीत बाईंच्या लेकीचं नाव होतं.

बाई त्या दिवशी टपाल खोलीतून मुद्दाम वर आल्या. “आमची आहे बरं का या यादीत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही छानच लिहाल. एक विनंती आहे. तिचं संध्याकाळी उरकू नका. सकाळी, हात ताजा असताना लिहा.”

वैद्य “बरं” म्हणाले. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी यादीतली सगळी नावं लिहिली. एक राहिलं. कोरा कागद समोर घेऊन बसायचे, पेनाचं टोपण काढायचे, परत लावायचे. आपण हे नाव लिहिलं तर बाईंच्या हातून गेलेलं ते एक काम आपण स्वतःच्या हातानं कायमचं घेतलं, हे त्यांना चांगलं कळत होतं. तिसऱ्या सकाळी ते कोरं प्रमाणपत्र आणि पेन घेऊन खाली टपाल खोलीत गेले.

बाई डिंकाचा ब्रश डाव्या हातात धरून पाकिटं चिकटवत होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला. वैद्य उभे राहिले आणि बसा म्हणायच्या आधीच बोलून गेले, “बाई, तुमच्या पेनातली शाई मी बदलत होतो.”

“कुठली शाई?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. टोपलीतलं रिकामं कार्ट्रिज, सुई, जेवणाची सुट्टी, अकराचा पाढा. पाढ्याचं सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गाळलं नाही.

“मी पेन दाखवायला आणलं होतं,” बाई म्हणाल्या, “तेव्हाही?”

“तेव्हाही.”

“आणि तुम्ही म्हणालात, ठणठणीत आहे.”

“हो.”

बाईंनी आणखी दोन पाकिटं चिकटवली. मग ब्रश खाली ठेवला. “गेल्या वर्षभरात मी उजव्या हातानं काही उचललेलं नाही. भाचीला बाळ झालं. सगळ्यांनी घेतलं, मी नाही घेतलं. म्हटलं, माझ्या हातून पडायचं. सात महिन्यांचं आहे ते आता. मला बघितलं की रडतं, ओळखतच नाही.”

वैद्यांनी आपला गुन्हा आजवर कार्ट्रिजांत मोजला होता. अकरा भरली होती. बाळापर्यंत त्यांचं डोकं कधी गेलंच नव्हतं. त्यांनी कोरं प्रमाणपत्र आणि पेन टेबलावर ठेवलं. “हे तुम्ही लिहा, बाई.”

बाईंनी पेन उचललं. हात थरथरत होता. “आज नको. आज हा रागानं हलतोय,” त्या म्हणाल्या. “साहेबांना सांगा, एकट्यानं जाऊन. आणि संध्याकाळी घरी या. लेकीला तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई स्वतःची समजूत घालतेय.”

साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “शाईच ना? मला वाटलं, शिक्का हरवला.” मग बाईंना उद्यापासून वर बसू दे, म्हणून कागदावर लिहिलं आणि फोन उचलला. वैद्य नोकरी जाईल या तयारीनं गेले होते. साधं रागावण्याच्या लायकीचंही त्यांना कुणी समजलं नाही, आणि बाहेर येऊन ते जिन्यात बराच वेळ उभे राहिले.

संध्याकाळी बाईंच्या घरी लेकीनं दार उघडलं, “या काका” म्हणाली, खुर्ची दिली. त्यांनी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. पोरगी शांतपणे ऐकत होती, पण तिचे कान लाल होत गेले. सांगून झालं तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता आईकडे वळली.

“मागच्या आठवड्यात तू भाजी चिरायला घेतलीस,” ती म्हणाली, “आणि मी तुझ्या हातातून सुरी ओढून घेतली. पाहुण्यांसमोर ओरडले तुझ्यावर. तू काही बोलली का नाहीस?”

“मलाही खरंच वाटत होतं गं,” बाई म्हणाल्या.

“त्यात तुझी काय चूक, सगळं माझ्यामुळे झालं,” वैद्य म्हणाले.

“सुरी मी ओढली होती, काका,” पोरगी म्हणाली आणि आत निघून गेली. वैद्य आले होते आपली लाज इथे उतरवून ठेवायला. ती तशीच अंगावर राहिली आणि वर त्या निरपराध पोरीच्या वाट्यालाही थोडी आली. ते चपला घालून निघाले तेव्हा त्यांना कुणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खिडकीजवळ बसल्या. त्यांनी खोक्यातून स्वतःच्या हातानं नवं कार्ट्रिज काढून पेनात घातलं आणि लेकीचं नाव लिहायला घेतलं. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि कागद मधल्या टेबलावर ठेवला. पहिली दोन अक्षरं सुरेख होती, पुढे रेघ हलली होती. वर्षभर न लिहिलेला हात एका दिवसात कसा वळणार? वैद्यांनी बाईंच्या लेकीच्या नावावर ‘रद्द’चा शिक्का मारला. बाईंनी दुसरा कागद घेतला. तोही आला. तिसरा आला. प्रत्येक वेळी आडनावाच्या दिशेनं मजल थोडी पुढे गेलेली असे, आणि प्रत्येक वेळी वैद्यांना शिक्का उचलावा लागे.

चौथा कागद आला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ बघितला. शेवटच्या अक्षराशी किंचित थरथर होती, बारकाईनं बघणाऱ्यालाच दिसेल एवढी.

“बाई, हे चालेल,” ते म्हणाले. “खरंच सांगतो. छान आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. “चालेल की नाही हे आता तुम्हाला नाही विचारणार मी,” त्या म्हणाल्या. त्यांनी वैद्यांसमोरचा शिक्का उजव्या हातानं उचलला, स्वतःच कागदावर मारला, जागच्या जागी ठेवला आणि खिडकीकडे परत गेल्या.

पाचवं प्रमाणपत्र मधल्या टेबलावर आलं नाही. दुपारी बाई ते स्वतः साहेबांकडे सहीला घेऊन गेल्या आणि संध्याकाळी लेक येऊन घेऊन गेली. ती वैद्यांच्या टेबलाजवळूनच गेली. नाव कसं उतरलं होतं, ते त्यांना कुणी दाखवलं नाही, आणि बघू द्या म्हणायला त्यांचं तोंड उघडलं नाही.